‘आमचा म्हणतोय, मला हेच करायचंय!’
(शिबिराला आलेल्या मुलांच्या पालकांसाठी)

मे महिन्याचं शिबिर आटोपून मुलं घरी पोचली की आठवडाभरात फोन सुरू होतात. “आमच्या मुलाला गिर्यारोहण प्रशिक्षक व्हायचंय. यात पोटापाण्याचं काय?” फोनवर निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून हे पत्रक.

हे काम म्हणजे नुसतं सुळके चढणं नव्हे. दिवसातला बराच वेळ डोकी मोजण्यात जातो. हरिश्चंद्रगडावर तीस मुलं नेली की दर थांब्यावर मोजायची. पिण्याच्या टाक्यात कुणी हात बुडवत नाही ना, तेही बघायचं. पाणी मगाने काढायचं आणि तोंड लांब जाऊन धुवायचं, कारण मागून येणाराही तेच पिणार असतो.

रात्री मुलं जेवायला बसली की प्रशिक्षक दोर घेऊन बसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीत-वीत करत बोटांतून सोडतो. वरचं आवरण विसविशीत लागलं किंवा आतला गाभा कुठे चपटा लागला, की दोर त्याच रात्री बाद. नवा दोर घ्यायचा म्हणजे आमच्याही पोटात गोळा येतो. तरी बाद.

शिक्षणाची वाट ठरलेली आहे. उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था (1965) किंवा दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था (1954) इथे आधी 28 दिवसांचा बेसिक कोर्स. त्यात ‘ए’ श्रेणी मिळाली तर ॲडव्हान्स, आणि त्यापुढे ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’, म्हणजे शिकवायचं कसं हे शिकवणारा कोर्स. अर्ज मात्र बरेच महिने आधी करा. राज्य शासनाचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यामुळे आयोजकांनाही आता प्रशिक्षित माणसंच लागतात.

पण बर्फावर शिकलेला मुलगा सह्याद्रीत पुन्हा नवशिकाच. इथे घसारा म्हणजे पायाखालून सरकणारी माती-खडी, सुटणारे दगड, कड्याला लटकलेली आग्या मधमाश्यांची पोळी. म्हणून प्रमाणपत्र असलं तरी आमच्याकडे पहिले दोन हंगाम सहायक म्हणूनच. तेवढ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखता यायला हवेत. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला हलू न देता दवाखान्यात न्यायचं, हेही झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

निसर्गाचा वेगळा तास आम्ही घेत नाही. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. त्या वर्षी ती तुडवली तर बी कुठून पडणार, हे फुलांपाशी उभं राहूनच समजतं. काजवे बघायला नेलं की बॅटऱ्या बंद. मोठ्यांनाच ते जास्त जड जातं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. सुरुवातीला पगार नाही, शिबिराच्या दिवसांचं मानधन. पावसाळ्यात शनिवार-रविवार, थंडीत शाळांच्या सहली, मेमध्ये शिबिरं. मधले दिवस कोरडे. म्हणून पदवी सोडू नका. भूगोल, वनस्पतिशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण घेतलेली मुलं या कामात चांगली रुळतात.

तरीही मुलगा किंवा मुलगी हटून बसली असेल, तर दिवाळीनंतर दोन दिवस आमच्याबरोबर पाठवा. चढायला नाही, सामान वाहायला आणि गडावरचा कचरा खाली आणायला. डबा घरचा द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको.