ग्रीक कार्निव्हल म्हणजे डायोनिससचीच पूजा का?

ग्रीसमधला कार्निव्हल म्हणजे डायोनिसस या मद्यदेवतेचा उत्सव, तो अडीच हजार वर्षं अखंड चालत आला, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. यात तथ्य थोडं आणि ओढाताण फार.

या समजुतीची मुळं 19व्या शतकात आहेत. आजच्या ग्रीकांचा प्राचीन ग्रीकांशी रक्ताचा संबंध नाही, असं जर्मन इतिहासकार फालमेरायर यांनी 1830मध्ये मांडलं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या ग्रीसला ते फार झोंबलं. मग अभ्यासक गावोगावी प्राचीन खुणा धुंडाळू लागले. 1906मध्ये डॉकिन्स या इंग्रज अभ्यासकाने थ्रेस या प्रदेशातला कार्निव्हलचा खेळ थेट डायोनिससशी जोडला आणि ती कल्पना रुजली.

692च्या चर्च परिषदेने मुखवटे आणि द्राक्षं तुडवताना डायोनिससचं नाव घेणं यांवर बंदी घातली, हे खरं. पण त्यानंतरची सलग साखळी कुणीही दाखवलेली नाही. कार्निव्हलच्या तारखा ठरतात ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासावरून. पात्रास शहरातल्या मिरवणुकीवर इटलीची छाप आहे. नाउसा शहरातल्या कार्निव्हलमध्ये नवरीचा वेश पुरुषच घेतात. पण तिथल्या आख्यायिका प्राचीन नाहीत, ऑटोमन तुर्कांच्या राजवटीतल्या आहेत.

स्कायरॉस बेटावरच्या कार्निव्हलमधलं ‘म्हातारा’ हे सोंग बघा: तोंडावर बकरीचं कातडं, कमरेला जड घंटांचा जुडगा. प्रत्येक पावलाला त्या एका लयीत वाजल्या पाहिजेत, हे त्याचं कसब. याच दिवसांत चावट कोडी घालतात. ऐकणारा लाजतो आणि उत्तर निघतं कुलूप-किल्लीसारखं निरुपद्रवी. ही मजा समजायला कुठल्याच प्राचीन देवाची गरज लागत नाही.