टीटीजी २८, ईएमए निगेटिव्ह: सिलिअ‍ॅकचा असा रिपोर्ट कसा वाचायचा?

सिलिअ‍ॅक या आतड्याच्या आजारासाठी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट: टीटीजी-आयजीए २८, मर्यादा २०. ईएमए निगेटिव्ह. एकूण आयजीए (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांचं प्रमाण) १४०. आणि तळाशी लॅबचं ठरलेलं वाक्य: 'क्लिनिकली कोरिलेट करावे', म्हणजे लक्षणांशी ताडून पाहावे. असा कागद हातात पडला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आजपासून पोळी बंद. दुसरा म्हणतो, आठ आकड्यांनी काय होतंय! घाई दोघांचीही आहे, पण पहिल्याची जास्त नडते.

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्यात टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज (टीटीजी) नावाचं विकर असतं. ते ग्लूटेनच्या तुकड्यांत किंचित बदल करतं आणि हेच बदललेले तुकडे प्रतिकारपेशींना चिथावतात. त्या भरात खुद्द विकराविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात. टीटीजी चाचणी ती मोजते. ईएमए ही जुनी चाचणी, पण १९९७ मध्ये हे विकर ओळखलं गेलं तेव्हा कळलं, की तीही त्याच्याविरुद्धचीच प्रतिपिंडं पकडत होती. मग दोघींची उत्तरं वेगळी का? कारण टीटीजीचा आकडा यंत्र देतं, तर ईएमएमध्ये तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीवरची चमक डोळ्यांनी पाहतो. ईएमए चुकून पॉझिटिव्ह येणं फार कमी. मात्र पाहणाऱ्याचा हात बसलेला नसेल तर खरी केसही सुटू शकते.

रिपोर्टमध्ये पहिली नजर टीटीजीवर जाते. ती जायला हवी एकूण आयजीएवर. टीटीजी-आयजीए ही आयजीए प्रकारची प्रतिपिंडं. ती शरीरात बनतच नसतील तर चाचणी निगेटिव्हच येणार. सिलिअ‍ॅक असलेल्या दर शंभरांत दोन-तीन जणांत ही कमतरता असते, म्हणजे इतर लोकांपेक्षा बरीच जास्त. एकूण आयजीए ७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल, तर निगेटिव्ह टीटीजी-आयजीएला काहीच किंमत नाही. अशा वेळी आयजीजी या दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी टीटीजी-आयजीजी किंवा डीजीपी-आयजीजी (डीजीपी म्हणजे ग्लूटेनचे ते बदललेले तुकडे) करून घ्यावी लागते. लहान मुलांत आयजीए मुळातच कमी असतं, म्हणून त्यांचा आकडा वयाप्रमाणे ताडायचा.

दुसरा प्रश्न रिपोर्टवर छापलेला नसतो: तपासणीच्या आधीच्या महिन्या-दोन महिन्यांत माणूस गहू खात होता का? गहू सोडला की प्रतिपिंडं हळूहळू उतरतात आणि काही महिन्यांत निगेटिव्ह होऊ शकतात. त्यामुळे 'गहू बंद केला, बरं वाटलं, मग तपासलं, काही निघालं नाही' या क्रमातून काहीच सिद्ध होत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी आणि भात एवढ्यावरच जेवण चालणाऱ्या घरातही हाच घोळ होऊ शकतो. गहू आधीच सुटला असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पुन्हा सुरू करावा लागतो. एका मध्यम पोळीत अंदाजे दोन ते अडीच ग्रॅम ग्लूटेन जातं; मोठ्या माणसाने रोज दोन-तीन पोळ्या सहा ते आठ आठवडे खाल्ल्या की तपासणीला अर्थ येतो. गव्हाने फारच त्रास होणाऱ्यांसाठी डॉक्टर मात्रा आणि मुदत कमी ठरवतात.

आता त्या २८ कडे. वेगवेगळ्या किटची मर्यादा ४, १०, १५, २० अशी काहीही असते, म्हणून आकडा नव्हे, मर्यादेच्या किती पट ते पाहायचं. इथे दीडपटही नाही. इतकी किरकोळ वाढ यकृताच्या आजारात, एखाद्या संसर्गानंतर किंवा टाइप १ मधुमेहातही दिसते. मधुमेही मुलांत ती गहू चालू असतानाही पुष्कळदा आपोआप उतरते. उलट दहापट किंवा जास्त टीटीजी आणि दुसऱ्या रक्तनमुन्यात ईएमए पॉझिटिव्ह असेल, तर मुलांमध्ये बायॉप्सीशिवायही, म्हणजे आतड्याचा तुकडा न तपासताही, निदान करता येतं, असं युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये मान्य केलं.

तपासलं कोणाला, यावरही बरंच ठरतं. समजा हजार लोकांत दहांना आजार आहे आणि चाचणी आजारी व निरोगी दोघांनाही ९५ टक्के वेळा बरोबर ओळखते. दहातले नऊ-दहा सापडतील, पण ९९० निरोग्यांतले सुमारे पन्नासही पॉझिटिव्ह ठरतील. म्हणजे साठातले पन्नास उगीच घाबरणार. सरसकट 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये ही चाचणी घुसवण्यात शहाणपण नाही ते यासाठीच. हाच २८ लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा अ‍ॅनिमिया, खुंटलेली उंची किंवा सख्ख्या भावंडाला सिलिअ‍ॅक असलेल्या मुलात आला, तर त्याचं वजन वेगळं.

फक्त डीजीपी पॉझिटिव्ह आणि बाकी सगळं निगेटिव्ह, आयजीएही नीट, असेल तर तो बहुधा खोटा गजर असतो. अँटिग्लायडिन ही जुनी, आता मागे पडलेली चाचणी कोणी लिहून दिली तर ती का, हे विचारावं.

एचएलए डीक्यू२-डीक्यू८ या जनुकीय चाचणीचा उपयोग एकाच दिशेने होतो. ही दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळपास बाद. असतील तर फारसं काही कळत नाही, कारण ३० ते ४० टक्के निरोगी लोकांतही ती असतात. गहू सोडलेल्यांत मात्र ती कामाची, कारण जनुकं आहारावर बदलत नाहीत.

एवढ्यावरही गुंता सुटला नाही, तर एंडोस्कोपी करून बायॉप्सी. इजा आतड्यात ठिपक्याठिपक्यांनी असते, म्हणून ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या टप्प्याच्या) पुढच्या भागातून किमान चार आणि सुरुवातीच्या फुगीर भागातून एक-दोन तुकडे घ्यायला हवेत. दोनच तुकडे घेऊन 'नॉर्मल' आलं तर खात्री कमी. रिपोर्टमध्ये नुसतं 'मार्श १' (पेशी वाढलेल्या, पण अंकुर शाबूत) असेल तर हेलिकोबॅक्टर जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्याही कारण असू शकतात. आणि आतड्यातले अंकुर झडलेत पण रक्त निगेटिव्ह आहे, असं आपल्याकडे आढळलं तर ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशांतला आतड्याचा आजार), जिआर्डिया (आतड्यातला परजीवी) आणि रक्तदाबाची ओल्मेसार्टन गोळी यांचाही विचार करावा लागतो.

आपल्या २८ वाल्याला लक्षणं नसतील, तर गहू चालू ठेवून तीन ते सहा महिन्यांनी टीटीजी आणि ईएमए पुन्हा करावी, आणि तीही त्याच लॅबमध्ये. लॅब बदलली की किट बदलतं, आणि मग २८ वरून १२ आलं तरी ते उतरलं की मोजमाप बदललं, हे कुणालाच सांगता येत नाही.