स्नायूंना आठवतं, कंडरांना वेळ लागतो

विशीत नियमित जिम करणारा माणूस पंचेचाळिशीत घरी पुन्हा डंबेल्स आणतो, तेव्हा पहिले तीन-चार आठवडे झकास जातात. वजनं भराभर वाढतात, दंड भरू लागतात, शर्टाच्या बाह्या घट्ट होतात. मग महिना-दीड महिन्याने कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखरा ठणका लागतो, किंवा खांद्यात पुढून चमक येते, किंवा जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं. डंबेल्स दिवाणाखाली जातात आणि ‘आता वय झालं’ असा निष्कर्ष निघतो.

वयाचा वाटा असतो, पण या दुखण्याचं मुख्य कारण वेगळं आहे. चेता (मज्जातंतू), स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन) हे तिघं एकाच वेगाने परतत नाहीत. जुन्या व्यायामपटूचे पहिले दोन लवकर परततात, तिसरा मागे राहतो. म्हणूनच पूर्वी कधीच वजन न उचललेल्या माणसापेक्षा पूर्वी भरपूर उचललेल्या माणसाने सुरुवातीला जास्त जपायला हवं.

तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दहा वर्षांनी स्नायूंचा साधारण ३ ते ८ टक्के भाग कमी होतो. झटक्यात जोर लावणारे जलद तंतू आधी आणि जास्त बारीक होतात. पुन्हा वजन उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंमुळे: जास्त तंतू एका वेळी कामाला लागतात, आणि विरोधी बाजूचे स्नायू विनाकारण आखडणं थांबतं. स्नायू खरोखर जाड होण्याआधीच डंबेल हलकं वाटू लागतं.

स्नायूंनाही आपला इतिहास लक्षात राहतो. स्नायूच्या एका तंतूत शेकडो केंद्रकं असतात आणि भार वाढला की शेजारच्या पेशींकडून त्यात नवी भर पडते. ऑस्लोच्या शास्त्रज्ञांनी २०१० साली उंदरांवर दाखवलं की स्नायूचा मज्जातंतू तोडल्यावर तंतू बारीक झाला तरी ही वाढीव केंद्रकं तीन महिने टिकून राहिली. माणसांत हे असंच होतं का, यावर अजून वाद आहे. मात्र २०१८ साली ब्रिटनमध्ये आठ पुरुषांना सात आठवडे व्यायाम, सात आठवडे सुट्टी आणि पुन्हा सात आठवडे व्यायाम असं करवलं, तेव्हा त्यांच्या स्नायूंच्या डीएनएवर पहिल्या फेरीत झालेल्या काही रासायनिक खुणा सुट्टीतही टिकल्याचं दिसलं. दुसऱ्या फेरीत स्नायूंची वाढही जास्त झाली.

आता कंडरा. त्यात पेशी थोड्या, रक्तपुरवठा बेताचा आणि बहुतेक भाग कोलॅजन या प्रथिनाच्या दोऱ्यांचा. तो किती सावकाश बदलतो हे कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१३ साली मोठ्या हुशारीने शोधलं. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चं (कार्बनच्या किरणोत्सारी प्रकाराचं) प्रमाण जवळजवळ दुप्पट झालं होतं आणि नंतर ते हळूहळू उतरत गेलं. त्या काळात शरीरात जे काही बनलं, त्यात त्या त्या वर्षाच्या हवेची नोंद राहिली. मृत व्यक्तींच्या टाचेवरच्या कंडरेच्या गाभ्यातला कार्बन मोजला, तेव्हा तो गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत बनलेला आणि नंतर जवळपास न बदललेला निघाला. त्याच माणसांचे स्नायू मात्र सतत नवे होत आलेले दिसले.

याचा अर्थ कंडरा सुधारतच नाही असा नव्हे. नियमित भाराने तिचा ताठरपणा आणि ताण सोसण्याची क्षमता वाढते, पण त्याला आठवडे नव्हे, महिने लागतात. बहुतेक प्रयोगांत तीन महिन्यांच्या आसपास ठळक फरक दिसतो. मधुमेह असेल तर साखर कोलॅजनला चिकटून हे दोरे आणखी कडक होतात, त्यामुळे त्या मंडळींनी पुढे दिलेले टप्पे दीडपट लांबवावेत. मधुमेहात खांदा आखडण्याचं प्रमाणही जास्त असतं. हात डोक्यावर नेताना दुखत असेल तर वजन डोक्यावर ढकलण्याचा व्यायाम सरळ वगळा.

म्हणून पहिले बारा आठवडे वजन ठरवायचं ते कंडरेच्या सोयीने. स्नायूला उचलता येतंय म्हणून वाढवायचं नाही.

सामान

घरासाठी प्लेट बदलता येणारे दोन डंबेल रॉड पुरतात. साधारण चौदा इंची रॉड, चार ५ किलोच्या, चार २.५ किलोच्या आणि चार १.२५ किलोच्या प्लेट घ्या. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, प्लेट घ्याव्यात. वर प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेल्या स्वस्त प्लेटवर छापलेलं वजन आणि खरं वजन यात फरक निघतो, आणि पडल्या की त्या आतून फुटतात. रॉड आणि दोन्ही नट वाण्याच्या काट्यावर ठेवून त्यांचं वजन वहीत लिहा. ते दीड-दोन किलो भरतं आणि बहुतेक जण मोजतच नाहीत. प्लेट दुकानातच रॉडवर घालून पाहा. ढिली बसणारी प्लेट वाजते आणि नट सैल करते. नट प्रत्येक सेटआधी (न थांबता सलग केलेल्या आवर्तनांआधी) हाताने आवळायचा.

घरच्या डंबेल्सची सर्वात मोठी अडचण म्हणजे पायरी. दोन्ही बाजूंना १.२५ ची एकेक प्लेट वाढवली की वजन एकदम अडीच किलोने वाढतं. पाचावरून साडेसात म्हणजे थेट दीडपट. खांद्याची कंडरा दुखते ती नेमकी इथे. उपाय स्वस्त आहे. नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीतून १० मि.मी. जाडीची पट्टी घेऊन लेथवाल्याकडून ९५ मि.मी. व्यासाच्या, मधे २८ मि.मी. भोक असलेल्या चार चकत्या कापून घ्या. भोकाचं माप आपल्या रॉडप्रमाणे ठेवा. अशी एक चकती जवळपास बरोबर अर्ध्या किलोची भरते, म्हणजे एका डंबेलवर एक किलोची पायरी मिळते. कडा घासून घ्यायला विसरू नका, नाहीतर हात कापतो.

फरशीवर १० ते १२ मि.मी. जाड रबरी मॅट हवीच. व्हिट्रिफाइड टाइलवर पाच किलोची प्लेट कडेवर पडली की टाइल गेली. पावसाळ्यात, आणि कूलरच्या खोलीत उन्हाळ्यातही, बीडाला गंज चढतो. महिन्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं फिरवा आणि कोरडं पुसा.

बेंच सुरुवातीला नको. २० लिटरचा पाण्याचा जार भरलेला असेल तर कडेवर न घेता दोन्ही हातांनी छातीशी धरून चालण्याचा व्यायाम होतो. अर्धवट भरलेला जार मात्र पाणी हिंदकळून कमरेला हिसका देतो.

पाच हालचाली, बारा आठवडे

आठवड्यातून दोन दिवस, मधे किमान दोन दिवसांचं अंतर. सोमवार-गुरुवार चांगलं जमतं. आधी आठ मिनिटं घरातल्या घरात चालणं, हात-खांदे फिरवणं आणि प्रत्येक हालचालीचा एक सेट रिकाम्या हाताने.

पहिली, खुर्चीवर बसून उठण्याची बैठक: एक डंबेल उभं करून छातीशी धरायचं, तीन सेकंद घेत खाली जायचं, खुर्चीला नुसतं टेकायचं, उठायचं. आखाड्यातल्या बैठका ज्यांनी मारल्या आहेत त्यांना हे फार सोपं वाटेल. पण टाचा उचलून वेगात मारलेल्या शंभर बैठकांचा भार वाटीखालच्या कंडरेवर येतो. तिथे पोहोचायला सहा महिने द्या. दुसरी, कमरेतून वाकणं: भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभं राहा, गुडघे जरासे सैल, आणि ढुंगण मागे नेऊन भिंतीला लावा. पाठ सपाट राहिली आणि मांडीच्या मागे ताण आला की जमलं. हे जमल्यावरच हातात डंबेल्स. तिसरी, एक हात पलंगावर टेकून दुसऱ्या हाताने डंबेल कमरेच्या दिशेने ओढणं. चौथी, जमिनीवर पाठीवर झोपून छातीवरून वर ढकलणं. कोपरं जमिनीला टेकतात, त्यामुळे खांदा गरजेपेक्षा मागे ताणला जात नाही, आणि मध्यमवयीन खांद्याला हीच मर्यादा हवी असते. पाचवी, दोन्ही हातांत डंबेल्स घेऊन ताठ चालणं, तीस ते चाळीस सेकंद.

पहिल्या दिवशीचं वजन असं निवडा की वीस वेळा होऊ शकेल, आणि दहाच करा. जुन्या वहीतला आकडा आठवत असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. पहिला आठवडा प्रत्येकी एक सेट, दुसरा-तिसरा दोन, चौथ्यापासून तीन. दोन सेटच्या मधे दोन मिनिटं विश्रांती. प्रत्येक सेट अजून तीन वेळा झालं असतं अशा टप्प्यावर थांबवा. वजन तेवढंच ठेवून दहावरून पंधरापर्यंत जा; लागोपाठ दोन दिवस तिन्ही सेट पंधराचे झाले की एक किलो वाढवा आणि पुन्हा दहापासून सुरू करा. ही पद्धत कंटाळवाणी आहे, आणि कंडरेला वेळ मिळतो तो तिच्या सावकाशपणामुळेच.

दुखण्यात फरक ओळखायला शिका. स्नायूंच्या पोटात, दोन्ही बाजूंना सारखं, एक ते तीन दिवस राहणारं दुखणं म्हणजे नवा भार. पुढच्या वेळी ते आपोआप कमी होतं. एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येणारं, सांध्याजवळचं, सकाळी उठल्यावर ताठरलेलं दुखणं कंडरेचं. ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्वपदावर आलं तर तेच वजन चालू ठेवा, नाही आलं तर वजन एक तृतीयांशाने कमी करा. पूर्ण विश्रांतीने कंडरा आणखी कमकुवत होते. आणि पहिल्याच दिवशी जुन्या जोशात भरमसाट सेट मारल्यावर अंग प्रचंड सुजलं, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तुटलेल्या स्नायूंतली प्रथिनं मूत्रपिंडावर आली आहेत. त्याच दिवशी रुग्णालयात जा.

श्वास रोखू नका. १९८५ साली कॅनडात वजन उचलताना धमनीत नळी घालून रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० आणि एकाचा ४८०/३५० च्या वर गेला होता. ते तरुण, सरावलेले होते. उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा. बसल्या जागी दाब १६०/१०० च्या वर राहत असेल तर आधी तो आटोक्यात आणा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाआधी आणि नंतर साखर तपासा, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो आणि हा परिणाम व्यायाम संपल्यावरही काही तास चालतो.

उन्हाळा आणि ताट

नागपुरात एप्रिल-मेमध्ये वेळेचा हिशेब वेगळा. वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे संध्याकाळची खोली बाहेरच्या अंगणापेक्षा गरम असते. पहाटे साडेपाच ही खरी वेळ. कोरड्या हवेत कूलर छान काम करतो. जुलैत तोच कूलर खोली दमट करतो आणि घाम वाळत नाही, तेव्हा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा. शरीर उन्हाळ्याला सरावायला दहा-चौदा दिवस घेतं, तेवढे दिवस एक सेट कमी. आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर जवळपास एक लिटर पाणी गेलं. मीठ घातलेलं ताक त्यावर उत्तम.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वाढत्या वयात स्नायू त्याच प्रथिनाला कमी प्रतिसाद देतात, म्हणून व्यायाम करणाऱ्यांनी १.२ च्या आसपास जावं. सत्तर किलोच्या माणसाला ८४ ग्रॅम. तर्री-पोह्यांच्या प्लेटमध्ये दहा ग्रॅमही नीट भरत नाहीत, आणि बहुतेक घरांत कमतरता राहते ती नाश्त्यातच. पोह्यांसोबत दोन उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध घेतलं तर वीस ग्रॅमची भर पडते. पन्नास ग्रॅम कोरड्या तुरीच्या डाळीत अकरा, तेवढ्याच बेसनाच्या झुणक्यात अकरा, तीस ग्रॅम कोरड्या सोया चंक्समध्ये पंधरा. वडाभातातले भरड्याचे वडे डाळींचे असले तरी तेलाचा हिशेब धरावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

स्त्रियांनी दोन किलोच्या गुलाबी डंबेलवर थांबू नये. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडं विरळ झालेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास जड वजनं उचलली, तेव्हा आठ महिन्यांत कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. हलका व्यायाम करणाऱ्या गटात ती घटली. पहिले बारा आठवडे त्यांच्यासाठीही तेच.

तेराव्या आठवड्यापासून जलद तंतूंकडे वळा. खाली आणणं तीन सेकंदांचंच, पण वर जाताना जोर लावून झपकन. दहाऐवजी सहा ते आठ वेळा, वजन त्यानुसार वाढवून, दोन सेटच्या मधे तीन मिनिटं थांबून. मधे लग्नसराईत दोन आठवडे बुडाले तर वजन दहा टक्क्यांनी उतरवा. महिना गेला तर निम्म्यावर या आणि एका सेटपासून सुरू करा. डेंग्यू किंवा चिकनगुनिया होऊन गेला असेल तर सांध्यांची सकाळची ताठरता पूर्ण जाईपर्यंत फक्त चालणं, आणि मग पुन्हा पहिला आठवडा.