निलंबन आणि निष्कासन: नाव पटावर राहणे आणि पटावरून जाणे

शाळेत एखाद्या मुलाच्या हातून मोठी आगळीक घडते, मुख्याध्यापक त्याला आठ दिवस शाळेत येऊ नकोस असे सांगतात आणि संध्याकाळपर्यंत त्याला शाळेतून काढल्याची बातमी सगळीकडे पसरते. याच्या उलटही घडते. एखाद्या मुलाचे शाळेतले नाव खरोखरच संपलेले असते, पण आईवडील ‘सध्या घरी बसवले आहे, सरांचा राग निवळला की परत घेतील’ या आशेवर महिने काढतात. पहिल्या चुकीने मुलाची नाहक बदनामी होते. दुसऱ्या चुकीने त्याचे वर्ष वाया जाते आणि कित्येकदा शिक्षणच सुटते. शाळा व्यवस्थापन समितीवर पालक प्रतिनिधी म्हणून काम करताना हा घोळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की निलंबन आणि निष्कासन, म्हणजे शाळेतून काढून टाकणे, यांतला फरक एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. माझ्या डोळ्यांपुढे आहेत त्या महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिका-महानगरपालिकांच्या आणि अनुदानित शाळा.

निलंबन म्हणजे ठरावीक दिवस शाळेत येण्यास मनाई, हे बहुतेकांना ठाऊक असते. शब्दांचे किरकोळ घोळही लवकर मिटवता येतात. ‘बडतर्फ’ हा शब्द नोकरीतल्या माणसासाठी आहे. विद्यार्थी हा शाळेचा नोकर नाही, त्यामुळे बातमीच्या मथळ्यात ‘विद्यार्थी बडतर्फ’ असे वाचले की मला मनापासून त्रास होतो. ‘रस्टिकेट’ हा शब्द कोणी महिनाभराच्या मनाईसाठी वापरतो, कोणी कायमचे काढून टाकण्यासाठी, तर कोणी परीक्षेतल्या कॉपीबद्दल घातलेल्या बंदीसाठी. ज्या शब्दाचे तीन अर्थ चालतात, तो शिस्तीच्या पत्रात असूच नये असे माझे स्पष्ट मत आहे.

निलंबनाबद्दलचा एक गैरसमज मात्र थोडा थांबून पाहावा लागतो. हा शब्द आपल्या कानावर बहुधा तलाठी, पोलीस किंवा शिक्षक यांच्या संदर्भात पडतो. चौकशी चालू असताना कर्मचाऱ्याला कामापासून दूर ठेवण्यासाठी जे निलंबन होते, ती शिक्षा मानली जात नाही, आणि त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टींना निलंबनच म्हणतात: प्रकार नेमका काय घडला हे कळेपर्यंत दूर ठेवणे, आणि कळल्यानंतर शिक्षा म्हणून दूर ठेवणे. पत्रात यांपैकी काय अभिप्रेत आहे हे लिहिलेले नसले, तर चौकशीआधीचे दिवस शिक्षेत धरायचे की नाहीत यावरून पुढे वाद होतो. आणि मुलाला निर्वाह भत्त्यासारखे काही मिळत नाही. उलट, पहिली ते आठवीतल्या मुलाचे शाळेत मिळणारे दुपारचे जेवणही तेवढे दिवस बंद होते. काही घरांत ही खरी शिक्षा असते आणि ती मुलाच्या चुकीशी काडीचाही संबंध नसलेली असते. लहान वर्गांत निलंबन वापरूच नये, वर्गाबाहेर पण शाळेच्या आत, एखाद्या शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलाला बसवावे, असे मी आग्रहाने म्हणतो त्याचे हे एक कारण आहे.

आता मुख्य फरक. खरी मेख पटात आहे.

प्रवेशाच्या वेळी मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढते, त्याला एक क्रमांक मिळतो आणि तेथून ते नाव वर्गाच्या हजेरीपटावर येते. निलंबनात यातले काहीही बदलत नाही. मूल घरी असले तरी ते त्याच शाळेचे विद्यार्थी असते. परीक्षेच्या यादीत, शिष्यवृत्तीच्या यादीत, युडायस प्लस या सरकारच्या शालेय माहिती प्रणालीवरच्या नोंदीत त्याचे नाव त्याच शाळेखाली असते, आणि मुदत संपलेल्या दिवशी ते दप्तर घेऊन थेट आपल्या बाकावर जाऊन बसू शकते. त्यासाठी नवा अर्ज, नवा प्रवेश किंवा कोणाची मेहेरबानी लागत नाही. निष्कासनात नाव कमी होते. शाळेचा आणि मुलाचा संबंध तेथे तुटतो, आणि पुन्हा यायचे झाले तर नव्याने प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून अपराध केवढा होता, दिवस किती सांगितले, मुख्याध्यापक किती चिडले होते, हे सगळे प्रश्न मागाहून विचारावेत. आधी विचारायचे ते एवढेच, की नाव पटावर आहे का.

बहुतेकांच्या मनात मात्र एक शिडी असते: तीन दिवसांचे निलंबन, मग पंधरा दिवसांचे, मग महिन्याचे, आणि सर्वांत वरची पायरी निष्कासनाची. या समजुतीमुळे निष्कासन म्हणजे फार लांबलेले निलंबन असे वाटू लागते, आणि ज्यांना पायरीपायरीने वर चढण्याचा अधिकार आहे त्यांना शेवटची पायरीही मोकळी असेल असे गृहीत धरले जाते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याने ही शेवटची पायरी पहिली ते आठवीसाठी काढूनच टाकली आहे. कलम १६ सांगते की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येणार नाही. त्यात ‘गंभीर प्रसंग वगळता’ असा अपवाद नाही, व्यवस्थापनाच्या ठरावाने ते करता येईल अशी सोय नाही, आणि सरकारी शाळा व खासगी शाळा असा भेदही त्या कलमात नाही. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदाच लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला, त्या शाळांचा विचार वेगळा करावा लागतो.)

याच कलमावरून आणखी एक चुकीची समजूत पसरली आहे, आणि ती मी शिक्षकांच्या तोंडूनही ऐकली आहे. मूळ कलमात एकाच वाक्यात दोन गोष्टी होत्या: मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही आणि त्याला शाळेतून काढायचे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पहिली गोष्ट बदलली. पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा आली, आणि फेरपरीक्षेतही मूल उत्तीर्ण झाले नाही तर त्याला मागे ठेवू देण्याची मुभा राज्यांना मिळाली. तेव्हापासून ‘आता नापास करता येते, म्हणजे काढताही येते’ असे सर्रास बोलले जाते. दुसरी गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे. नव्या कलमाच्या चौथ्या पोटकलमात ती स्वतंत्रपणे पुन्हा लिहिलेली आहे. नापास झालेला मुलगा त्याच शाळेत, त्याच वर्गात बसतो. त्याचे नाव पटावरून जात नाही. तसेच उशिरा शाळेत दाखल झालेल्या आणि चौदा वर्षे ओलांडलेल्या मुलाला ‘वयात बसत नाही’ म्हणून वाटेला लावता येत नाही, कारण वयानुरूप वर्गात घेतलेल्या अशा मुलाला चौदाव्या वर्षानंतरही आठवी पूर्ण होईपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला आहे.

निलंबनाबद्दल हा कायदा काही बोलत नाही. शाळा ‘आम्ही काढले कुठे, आम्ही फक्त घरी पाठवले’ असे म्हणू शकते ती या मौनाच्या आधारानेच, आणि निष्कासनाला बंदी असल्यामुळे प्रत्यक्षात जे निष्कासन होते ते त्या नावाने कधीच होत नाही. ते दोन रूपांत येते.

पहिले रूप दाखल्याचे. सहा-सात वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाचे वडील माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले होते. मुलाने मारामारीत दुसऱ्या मुलाचा हात जायबंदी केला होता, अपराध लहान नव्हता. त्यांचे म्हणणे होते की शाळेने मुलाला काढले. दाखल्यावर जनरल रजिस्टरचा क्रमांक, आईचे नाव, मातृभाषा, अक्षरी जन्मतारीख, सगळे सुवाच्य अक्षरात होते. ‘वर्तणूक’ या रकान्यात ‘चांगली’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ असे लिहिलेले होते. मी विचारले, विनंती कोणी केली होती? तेव्हा त्यांनी सांगितले की कार्यालयात एक कोरा कागद पुढे करण्यात आला, समोरून मजकूर सांगण्यात आला, तो त्यांनी आपल्या हाताने लिहून खाली सही केली. ‘नाहीतर पोलिसांत जाईल आणि दाखल्यावर लाल शेरा पडेल’ असे त्यांना सांगण्यात आले होते. कागदोपत्री त्या शाळेने कोणालाही काढले नव्हते. एका पालकाने आपल्या मर्जीने मुलाचा दाखला नेला होता, एवढीच नोंद तेथे होती.

हा फरक लोकांना दिसत नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान येथेच होते. दाखला मागणे हा पालकांचा हक्क आहे. कलम ५ प्रमाणे मुलाला दुसऱ्या शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला तत्काळ द्यायला हवा, आणि विलंब केला तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पालकांच्या सोयीसाठी असलेली ही तरतूद उलटी फिरवून मुलाला घालवण्यासाठी वापरली जाते. ‘दाखला घेऊन जा’ हे वाक्य सल्ल्यासारखे ऐकू येते, पण अर्जावर सही होताच नाव कमी होते, आणि नाव कमी होणे म्हणजेच निष्कासन. निलंबनाच्या प्रकरणात दाखल्याचा विषय निघण्याचे काही कारणच नसते. तो निघाला, तर आपण निलंबनाबद्दल बोलत नाही, हे पालकांनी त्याच क्षणी ओळखावे.

दुसरे रूप याच्या बरोबर उलट दिसते. नाव पटावर राहते, मात्र ‘पुढील सूचना मिळेपर्यंत शाळेत पाठवू नये’ असे पत्र येते, किंवा पत्रही न येता कोणी तरी फोनवर तसे सांगते. पुढील सूचना कधीच येत नाही. हजेरीपटावर रोज गैरहजेरी पडत राहते, आणि काही महिन्यांनी ‘दीर्घकाळ गैरहजर’ म्हणून नाव कमी करण्याची तयारी होते. ज्या दिवशी शाळेनेच येण्यास मनाई केली त्या दिवशी मुलाला इतर गैरहजर मुलांसारखे गैरहजर दाखवणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. त्या दिवसांपुढे मनाईची नोंद स्वतंत्र असायला हवी, म्हणजे पुढे कोणी त्यांचा असा उपयोग करू शकणार नाही. परतण्याची तारीख नसलेल्या निलंबनाला मी निलंबन मानत नाही. पटावर नाव आहे आणि परतण्याचा दिवस लिहिलेला आहे, या दोन्ही गोष्टी असतील तरच ते निलंबन.

नववी-दहावीत कलम १६ चे संरक्षण उरत नाही, आणि तेथे माध्यमिक शाळा संहितेच्या चौकटीत शिस्तीची कारवाई होते. याचा अर्थ तेथे वाटेल तसे काढता येते असा घेतला जातो, तो चूक आहे. आरोप काय आहे हे मुलाला आणि पालकांना सांगणे, त्यांचे म्हणणे खरोखर ऐकून घेणे, आणि कारणे देऊन निर्णय लिहिणे ही नैसर्गिक न्यायाची किमान अपेक्षा सोळा वर्षांच्या मुलाबाबतही तितकीच लागू असते. ज्या मुलाला ‘तुला काही सांगायचे आहे का’ असे कोणी विचारलेच नाही, त्याच्यावरचा निर्णय कितीही योग्य असला तरी तो टिकवून धरणे शाळेला अवघड जाते. दहावीच्या मुलाबाबत निलंबनाचे दिवस ठरवतानाही हात आखडता ठेवावा लागतो, कारण मंडळाच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थितीची अट असते, आणि वर्षअखेरीस दिलेले लांब निलंबन मुलाचे परीक्षेचे वर्षच घेऊन जाऊ शकते.

पालकांनी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. तोंडी मनाई झाली तर ती लेखी मागावी, आणि पत्रात कारण, पहिला दिवस व परतण्याचा दिवस आहे का ते पाहावे. दाखल्याच्या अर्जावर कार्यालयात बसून सही करू नये. कागद घरी न्यावा, रात्रभर विचार करावा. सही होऊन गेलीच असेल, तर मुलाला घरी न बसवता जवळच्या शाळेत लगेच न्यावे, कारण दाखला मिळायला उशीर झाला म्हणून ती शाळा प्रवेश नाकारू किंवा लांबवू शकत नाही. त्याच वेळी आधीच्या शाळेविरुद्ध कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजूंना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांच्या आत तिचा निर्णय व्हावा असे कलम सांगते, आणि तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. सातवीतल्या त्या मुलाच्या वडिलांची तक्रार आम्ही दोघांनी बसून लिहिली. त्यात मारामारी नाकारली नाही. अर्जाचा मजकूर कोणी सांगितला, कोणत्या दिवशी, खोलीत कोण कोण होते, एवढेच तारखेसह लिहिले, दाखल्याची प्रत जोडली, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हललो नाही.