नोकरीत असलेल्यांना वयाची सवलत कशी आली?

भरतीच्या अर्जात एक प्रश्न हमखास असतो: आपण सध्या शासकीय सेवेत आहात का? 'होय' म्हटलं की पुढे सेवेचा प्रकार, रुजू दिनांक, सलग सेवा किती, असे रकाने उघडतात. बहुतेकांना हा ना हरकत प्रमाणपत्रासाठीचा सोपस्कार वाटतो. पण कमाल वय ओलांडलेल्या कर्मचाऱ्याचा अर्ज टिकणार की बाद होणार, हे याच रकान्यांवर ठरतं.

सरकारी नोकरी आणि वय यांचं भांडण आपल्याकडे दीडशे वर्षांहून जुनं आहे. 1855 मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसची खुली परीक्षा सुरू झाली तेव्हा वयाची कमाल अट 23 होती. ती खाली येत 21 झाली आणि 1869 मध्ये पहिला मोठा खटका उडाला. त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या चार भारतीयांपैकी दोघांची नावं वयाच्या कारणावरून वगळली गेली. त्यातले एक सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि दुसरे मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. त्यांच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दाखल्यात वय आपल्याकडच्या रीतीने, म्हणजे चालू वर्ष धरून, लिहिलेलं होतं. ही परीक्षा घेणाऱ्या लंडनच्या आयुक्तांनी ते पूर्ण झालेलं वर्ष मानलं. बॅनर्जींनी थेट लंडनच्या क्वीन्स बेंच या न्यायालयापुढे दाद मागितली आणि दोघांनाही परत घ्यावं लागलं. जन्मतारखेच्या एका वर्षावरून आजही किती उमेदवार हेलपाटे घालतात ते पाहिलं, की ठाकूरांचं नाव मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं होतं असं वाटतं.

पुढे 1878 पासून कमाल वय 19 वर आणलं गेलं. एवढ्या वयात इंग्लंडला जाऊन परीक्षा द्यायची, म्हणजे भारतीय मुलांना दार जवळजवळ बंदच. त्याविरुद्ध देशभर सभा झाल्या. 1885 च्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनातही ही मर्यादा वाढवण्याची मागणी होती, आणि 1892 मध्ये ती पुन्हा 23 झाली. वयाची अट हा राजकीय प्रश्न असू शकतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

पण आजच्या सवलतीचं मूळ या उच्च सेवेत नाही. ते कारकून, लेखनिक, ओव्हरसियर यांच्या साध्या नोकऱ्यांत आहे, आणि तिथे वयाच्या अटीमागे पेन्शनचा हिशोब होता.

ब्रिटिश काळातल्या सेवा-विनियमांत 25 वर्षांवरच्या माणसाला पेन्शनपात्र सेवेत सहसा घेऊ नये, असा दंडक होता. निवृत्ती 55 व्या वर्षी. पंचविशीत लागलेला माणूस 30 वर्षांची सेवा करून बाहेर पडायचा, आणि पूर्ण पेन्शनला तेवढी सेवा लागायची. 1962 च्या अखेरीस केंद्राने निवृत्तीचं वय 58 केलं. पुढे पूर्ण पेन्शनसाठीची सेवा 33 वर्षं झाली. 58 मधून 25 वजा करून पाहा. उशिरा लागलेल्याला एक तर अपुरं पेन्शन मिळणार, नाही तर तिजोरीला कमी सेवेच्या बदल्यात जास्त द्यावं लागणार. केंद्राच्या 1972 च्या पेन्शन नियमांत तर विशेष पात्रतेच्या काही पदांवर 25 नंतर रुजू होणाऱ्यांना सेवेत काही वर्षं वाढवून धरण्याची तरतूदच होती. पंचवीस हा आकडा नियमांत किती खोल रुतला होता, ते यावरून कळतं.

आता जो आधीच नोकरीत आहे, त्याचं काय? त्याची पेन्शनपात्र सेवा आधीच सुरू झालेली असते. तो दुसऱ्या खात्यात गेला तरी सरकारवर नवा बोजा येत नाही. मागची सेवा पुढच्या सेवेला जोडली जाते. म्हणून अशा माणसाला वयाची अट शिथिल करणं सरकारला परवडणारं होतं. मला तरी या सवलतीचं खरं कारण हेच दिसतं. अनुभवाची कदर वगैरे भाषा नंतर आली. मागची सेवा जोडली जाण्यासाठी अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे कार्यालयामार्फत किंवा परवानगीने, केलेला असावा आणि राजीनामा 'तांत्रिक', म्हणजे फक्त नव्या पदावर रुजू होण्यासाठी दिलेला, असावा, हा आग्रहही त्याच हिशोबातून येतो. परवानगीशिवाय परीक्षा देऊन सरळ राजीनामा टाकणाऱ्याची मागची सेवा पाण्यात जाऊ शकते.

केंद्राने या सवलतीला काळाच्या ओघात साचा दिला. 27 मार्च 2012 च्या कार्यालयीन ज्ञापनात आधीच्या विखुरलेल्या सूचना एकत्र केल्या गेल्या. गट क च्या थेट भरतीत केंद्रीय कर्मचाऱ्याला 40 वर्षांपर्यंत आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्याला 45 पर्यंत अर्ज करता येतो; वरच्या गटांत साधारण पाच वर्षांची सूट मिळते. तीन वर्षांची नियमित, सलग सेवा हवी. शिवाय एक अट अशी, की नवं पद सध्याच्या कामाशी जुळणारं असावं, म्हणजे आधीच्या सेवेचा तिथे उपयोग व्हावा. ही अट कागदावर रास्त दिसते. पण जुळणारं म्हणजे नक्की काय, हे ठरवताना आस्थापना शाखांमध्ये जेवढा काथ्याकूट झाला असेल, तेवढा बाकी अटींवर क्वचितच झाला असेल. लेखा विभागातल्या कारकुनाला लेखापरीक्षकाच्या पदासाठी सूट मिळायला हरकत दिसत नाही. पण त्याच कारकुनाला निरीक्षकाचं पद हवं असेल तर?

महाराष्ट्रात चित्र वेगळं आहे. इथे सवलतीपेक्षा मूळ मर्यादाच इतकी वर गेली की तिची गरज कमी झाली. खुल्या प्रवर्गासाठी 33 आणि मागासवर्गीयांसाठी 38 ही कमाल मर्यादा 25 एप्रिल 2016 च्या शासन निर्णयाने 38 आणि 43 झाली. कोविडमुळे भरती रखडल्यावर 3 मार्च 2023 च्या निर्णयाने त्या वर्षअखेरपर्यंतच्या जाहिरातींना आणखी दोन वर्षांची सूट मिळाली, म्हणजे 40 आणि 45. त्यामुळे छत्तीस वर्षांचा मंत्रालयीन लिपिक राज्यसेवेचा अर्ज आज सर्वसाधारण उमेदवार म्हणूनच भरू शकतो. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेत मात्र खुल्या उमेदवाराला 32 वरच थांबावं लागतं.

राज्यात मर्यादा वाढण्याचा संबंधही पेन्शनशी आहे, असं माझं मत. केंद्रात 1 जानेवारी 2004 पासून आणि राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांना अंशदानाची, म्हणजे कर्मचारी आणि सरकार दोघांनी दरमहा पैसे भरण्याची, पेन्शन योजना लागू झाली. जेवढी सेवा तेवढा जमा झालेला पैसा. मग चाळिशीत लागलेल्या माणसाने तिजोरीचं गणित बिघडत नव्हतं. भरत्या वर्षानुवर्षं न होणं आणि उमेदवारांची आंदोलनं ही उघड कारणं होतीच, पण जुना अडसर हलल्यामुळे सरकारला हो म्हणणं सोपं गेलं.

पोलीस दलात वयाची मर्यादा शारीरिक क्षमतेमुळे खालीच राहिली. तिथे हवालदार-शिपायांसाठी उपनिरीक्षकपदाची मर्यादित विभागीय परीक्षा हा निराळा दरवाजा ठेवण्यात आला, आणि तिची वयोमर्यादा थेट भरतीपेक्षा जास्त होती.

आता वाद उरला आहे तो 'कर्मचारी' कोणाला म्हणायचं याचा. केंद्राची सूट केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांपुरती. बँका, महामंडळं, स्वायत्त संस्था यांत काम करणारे तिच्यात बसत नाहीत. कंत्राटावर किंवा मानधनावर काम करणाऱ्याची वर्षं 'नियमित सेवा' म्हणून धरलीच जात नाहीत, मग तो त्याच टेबलावर तेच काम कितीही वर्षं करत असो. त्याच्यासाठी पेन्शनपात्र सेवेचा धागा कधी सुरूच झालेला नसतो. म्हणून प्रत्येक मोठ्या भरतीच्या आधी कंत्राटी संघटना एकवेळच्या खास सवलतीची मागणी घेऊन मंत्रालयात येतात.