नारायणराव पेशव्यांचा खून आणि पहिले इंग्रज-मराठे युद्ध

पुण्याच्या शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी (पेशव्यांच्या पगारी पहारेकरी शिपायांनी) केलेली पाचव्या पेशव्याची हत्या आणि तिच्यातून उद्‌भवलेल्या वारसातंट्यामुळे पेटलेले युद्ध (१७७५–८२). थोरल्या माधवरावांच्या मृत्यूनंतर (नोव्हेंबर १७७२) त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव सतराव्या वर्षी पेशवे झाले. चुलते रघुनाथराव यांना त्यांनी वाड्यातच नजरकैदेत ठेवले होते. सुमेरसिंग, महंमद यूसुफ आदी गारदी नायक पगाराची बाकी मागण्याच्या निमित्ताने वाड्यात घुसले आणि चुलत्याच्या आश्रयास धावलेल्या नारायणरावांना त्यांनी ठार केले. बचावासाठी आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकरही मारला गेला.

कटातील रघुनाथरावांचा सहभाग न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती निश्चित केला. वाद आहे तो मूळ हेतूविषयी. रघुनाथरावांनी केवळ ‘धरावे’ अशी आज्ञा दिली होती व त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी तिच्यात ‘मारावे’ असा फेरफार केला, ही कथा ग्रँट डफच्या इतिहासात (१८२६) येते व पुढे ती लोकांत दृढ झाली. मात्र मूळ आज्ञापत्र आज उपलब्ध नाही आणि आनंदीबाईंवरील आरोपास समकालीन कागदांचा भक्कम आधार मिळत नाही, असे मत गो. स. सरदेसाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडले असून ते अधिक ग्राह्य वाटते. कैदेचा बेत गारद्यांच्या हाती जाताच खुनापर्यंत गेला असावा, हीही शक्यता नाकारता येत नाही. तथापि त्या शक्यतेने रघुनाथरावांची जबाबदारी कमी होत नाही.

खून आणि युद्ध यांच्यात सुमारे दीड वर्षाचे अंतर आहे, हे महत्त्वाचे. रघुनाथरावांनी पेशवाईची वस्त्रे मिळवली. परंतु नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर असल्याने सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृतींच्या बारभाई मंडळाने तिला पुरंदरावर सुरक्षित ठेवले आणि तिच्या नावे कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले व रघुनाथरावांचा हक्क निराधार ठरला. ते गुजरातेत गेले आणि त्यांनी मुंबईकर इंग्रजांचे (ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारचे) साहाय्य मागितले. मुंबईकरांना मुंबईलगतचे साष्टी बेट व वसई ही ठाणी पूर्वीपासूनच हवी होती. १७७४ च्या अखेरीस, म्हणजे रघुनाथरावांशी मार्च १७७५ मध्ये केलेल्या सुरतेच्या तहाआधीच, त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, यावरून खून हे युद्धाचे निमित्त ठरले, मूळ कारण नव्हे, असे म्हणणे युक्त होईल. तरीही हत्येने गादीला दोन दावेदार निर्माण केले नसते, तर परकीय सत्तेला हा प्रवेश इतक्या सहजी मिळाला नसता.

सुरतेचा तह कंपनीच्या कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने अमान्य करून मार्च १७७६ मध्ये बारभाईंशी पुरंदरचा तह केला. तो टिकला नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मुंबईच्या फौजेला शरण यावे लागले. त्यानंतर इंग्रज सेनानी कर्नल गॉडर्डने अहमदाबाद व वसई घेतली, दुसरा इंग्रज सेनानी पॉपम याने ग्वाल्हेर काबीज केले, तर १७८० मध्ये नानांनी हैदर अली व निजाम यांच्याशी संधान बांधल्याने युद्धाचे क्षेत्र कर्नाटकापर्यंत विस्तारले. महादजी शिंदे यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी झालेल्या सालबाईच्या तहान्वये साष्टी इंग्रजांकडे राहिली, वसई मराठ्यांना परत मिळाली, इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला आणि त्यांना नेमणूक (निर्वाहवेतन) ठरवून देण्यात आली. रघुनाथराव १७८३ च्या अखेरीस कोपरगावी मरण पावले.