स्लॅबच्या पोटातली सळई: इंदूरच्या घरांमागचा लोखंडी इतिहास

इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगर यांसारख्या जुन्या मराठी वस्त्यांतील बैठी आणि दुमजली घरे आता एकेक करून पाडली जात आहेत, आणि जी उभी आहेत त्यांच्यावर आणखी एक मजला चढवता येईल का, हा विषय घरोघरी निघतो. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी स्लॅबच्या पोटात दडलेल्या सळयांवर अवलंबून असते. पाडकाम चालू असताना रस्त्याच्या कडेला पडलेले स्लॅबचे तुकडे नीट पाहिले, तर त्यांतून बाहेर आलेली सळई तीन प्रकारची दिसते. कुठे ती गुळगुळीत गोल असून तिचे टोक आकड्यासारखे पूर्ण मागे वळवलेले असते. कुठे तिला पीळ दिलेला असतो आणि अंगावर मळसूत्री रेघ फिरत गेलेली असते. तर कुठे ती सरळ असून तिच्यावर तिरप्या उठावदार फासळ्या असतात. घर साधारण कोणत्या काळातले, हे या खुणांवरून अनुभवी माणूस सांगू शकतो, आणि त्या घराच्या दुखण्याचा अंदाजही त्यांवरूनच बांधता येतो.

काँक्रीट दाबाला खंबीर असते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबशक्तीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी असते. स्लॅबवर वजन आले की तो दोन भिंतींच्या मध्यभागी किंचित लवतो, त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून मधल्या भागात सळई तळाशी लागते. स्लॅब जेथे बीमवर टेकून पुढच्या खोलीवर जातो तेथे नेमके उलट घडते, ताण वरच्या बाजूला येतो, आणि म्हणूनच फिटर, म्हणजे सळया बांधणारे कारागीर, काही सळया टेकूजवळ तिरप्या वळवून वर नेतात, ज्याला साइटवर क्रँक म्हणतात. भिंतीबाहेर काढलेल्या छज्जाची मुख्य सळई तर वरच्याच बाजूला असावी लागते. ओतकामाच्या गडबडीत मजुरांच्या पायाखाली दबून ती तळाशी गेली, तर लोखंड नकाशाप्रमाणे पूर्ण घातलेले असूनही सेंटरिंग, म्हणजे ओतकामाचा तात्पुरता आधार, काढताच छज्जा खाली येऊ शकतो. लोखंड किती घातले याची चौकशी सगळेच घरमालक करतात. ते कुठे बसले आहे हे पाहण्यासाठी स्लॅब भरण्याच्या दिवशी जाळीवर उभे राहणारे मात्र थोडेच असतात.

होळकरांच्या काळातील बांधकामाला या सळईची गरज नव्हती. राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, आणि यामागे भक्कम व्यवहारज्ञान आहे: दगड दाब घेतो, तर सागवानी तुळई दाब आणि ताण दोन्ही सोसते, त्यामुळे माणसांच्या वावराचा भार लवचीक लाकडाने उचलावा आणि साऱ्या इमारतीचे वजन दगडाने जमिनीत उतरवावे, अशी ती वाटणी आहे. लाकडाचे वैर आगीशी, आणि 1984 च्या आगीत राजवाड्याच्या लाकडी भागाची मोठी हानी झाली. दगडासारखे न जळणारे आणि लाकडासारखे ताण सोसणारे साहित्य एकाच वेळी हवे असेल तर काय करावे, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात युरोपात शोधले गेले.

फ्रान्समध्ये जोसेफ लुई लाँबो यांनी 1848 मध्ये लोखंडी जाळीवर सिमेंटचा लेप देऊन होडी केली आणि ती 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या विल्यम विल्किन्सन यांनी 1854 मध्ये लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या जमिनीचे पेटंट घेतले, तर झोसेफ मोनिए या फ्रेंच बागाइतदाराने झाडांच्या कुंड्यांसाठी 1867 मध्ये. मोनिए यांची जाळी प्रामुख्याने आकार टिकवण्यासाठी होती आणि ती जाडीच्या मधोमध बसवली जाई, म्हणजे जेथे ताण जवळजवळ नसतोच तेथे. ती ताणाच्या बाजूला सरकवली पाहिजे, हे 1880 च्या दशकात जर्मन अभियंता माथियास क्योनेन यांनी गणिताने मांडले.

माझ्या मते या सगळ्यांत थॅडियस हायट या अमेरिकी संशोधकाला जितके श्रेय मिळायला हवे तितके मिळत नाही. त्यांनी तुळया प्रत्यक्ष मोडून पाहिल्या आणि 1877 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्णतेने लोखंड आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, हा त्यांतील फार मोलाचा भाग होता. आजच्या मापाने पोलाद दर अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे 12 भाग वाढते आणि काँक्रीट सुमारे 10 भाग. मे महिन्यात माळव्यातील उघडी गच्ची दुपारी हात ठेववणार नाही इतकी तापते आणि पहाटेपर्यंत थंड होते. या दोन पदार्थांचे प्रसरण एकमेकांपासून फार वेगळे असते, तर सळई आणि काँक्रीट यांची सोबत काही उन्हाळ्यांतच सुटली असती. पुढे 1892 मध्ये फ्रान्स्वा एनबिक यांनी कॉलम, बीम आणि स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत पेटंट केली आणि आजच्या आरसीसी घराचा सांगाडा तयार झाला.

मात्र सळई काँक्रीटमधून सुटून येऊ नये, हा प्रश्न उरलाच होता. गुळगुळीत सळईला धरून ठेवायला सिमेंटचा चिकटपणा आणि घर्षण एवढेच असते, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना आकडा करावा लागतो. अर्नेस्ट रॅन्सम यांनी अमेरिकेत 1884 मध्ये चौकोनी सळईला थंड अवस्थेतच पीळ देऊन ही अडचण सोडवली, आणि पीळ दिल्याने पकड वाढते तशी पोलादाची ताकदही वाढते, हे दाखवून दिले. सॅन फ्रान्सिस्कोतील 1889 चा अल्वर्ड लेक पूल त्यांच्याच पद्धतीचा आहे. इंदूरच्या घरांत तोच पीळ पुढे सुमारे 80 वर्षांनी दिसू लागला.

भारतात जमशेदपूरच्या टाटा कारखान्यात 1912 मध्ये पोलाद तयार होऊ लागले. स्वातंत्र्यानंतर पोलाद सरकारी नियंत्रणाखाली होते आणि ते मिळवणे हेच घर बांधण्यातले मोठे काम होते. 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होते, पण त्यामुळे इंदूरला पोलाद स्वस्त मिळाले असे झाले नाही, कारण मालवाहतूक समानीकरणाच्या धोरणामुळे देशातील कोणत्याही रेल्वे स्थानकावर त्याचा भाव सारखाच ठेवलेला होता. हे धोरण आणि भाव-वाटपाचे नियंत्रण 1990 च्या दशकाच्या आरंभी संपले. त्याआधीच्या घरांत सळया मोजून-मापून आणि कधीकधी गरजेपेक्षा कमी वापरलेल्या आढळतात, त्याला हा तुटवडा कारण आहे.

तुटवड्यामुळेच पीळ दिलेल्या सळईचे, म्हणजे टोरचे, इतके स्वागत झाले. युरोपात, विशेषतः ऑस्ट्रियात, 1930 च्या दशकापासून विकसित होत गेलेले हे तंत्र 1960 च्या दशकात भारतात रुजले. साध्या सळईसाठी हिशेबात धरायचा ताण दर चौरस मिलिमीटरला 140 न्यूटन होता, तर टोरसाठी 230. म्हणजे त्याच बीमला जवळजवळ दोन-पंचमांश लोखंड कमी लागे. शिवाय अंगावरच्या फासळ्यांमुळे पकड वाढली. आयएस 456 या भारतीय मानकानेही फासळीदार सळईची पकड साध्या सळईच्या तुलनेत 60 टक्के अधिक धरली आहे. त्यामुळे टोकांचे आकडे गेले आणि फिटरचे श्रम वाचले. 1970 आणि 1980 च्या दशकांत इंदुरात उभ्या राहिलेल्या वसाहतींच्या स्लॅबमध्ये बहुधा हीच सळई आहे.

तिचा दोष पुढे कळला. थंड अवस्थेत पीळ दिल्याने पोलादाची ताकद वाढते, पण ताणले जाण्याची क्षमता घटते: साधी सळई तुटण्यापूर्वी 23 टक्के लांबायला हवी अशी मानकाची अपेक्षा, तर टोरच्या, म्हणजे 415 प्रतीच्या सळईकडून 14.5 टक्क्यांची. पीळ देताना सळई लाटताना तिच्या अंगावर बसलेला ऑक्साइडचा पातळ थर तडकतो आणि आत ताण साठून राहतो, त्यामुळे अशा सळईला गंज लवकर धरतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीटलाच ढकलतो, आणि मग न्हाणीघराखालच्या किंवा गळक्या गच्चीच्या स्लॅबचे पोपडे सळईच्या ओळीने पडू लागतात. वर नुसते प्लॅस्टर करून हे झाकले की गंज आत शांतपणे वाढत राहतो, आणि दुर्दैवाने हाच उपाय सर्वांत जास्त केला जातो.

माळव्याच्या काळ्या मातीने याच काळात आणखी एक धडा दिला. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चुन्यात बांधलेल्या भिंती आणि लाकडी खांब ही हालचाल काही प्रमाणात पचवत असत. सिमेंटमधले ताठ बांधकाम ती पचवू शकत नाही आणि खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा जाऊ लागतात. म्हणून येथे प्लिंथ बीमला, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या बीमला, फार महत्त्व आहे. घराचे वजन या बीमला खाली वाकवते आणि फुगलेली माती वर रेटते, त्यामुळे ताण कधी तळाशी येतो, कधी वर, आणि सळया दोन्ही बाजूंना घालाव्या लागतात. वरच्या दोन सळया केवळ रिंगा (मुख्य सळयांना बाहेरून वेढणारी बारीक सळईची कडी) बांधण्यापुरत्या, असे समजून बारीक घालण्याची सवय काळ्या मातीत चालणारी नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेले खोल पाइल, म्हणजे जमिनीत उतरवलेले पायाचे खांब, विकसित केले, आणि त्यांतही वर खेचला जाणारा ताण सळईच घेते.

आज बाजारात मिळणारी टीएमटी सळई ही पिळाच्या दोषावरची सुधारणा आहे. टेम्पकोर नावाने ओळखली जाणारी ही पद्धत 1970 च्या दशकात बेल्जियममध्ये विकसित झाली आणि 1990 च्या दशकात भारतात तिचा झपाट्याने प्रसार झाला. शेवटच्या रोलमधून सुमारे 950 अंशांना लालभडक बाहेर पडणारी सळई पाण्याच्या जोरदार प्रवाहातून क्षणभर नेली जाते. बाहेरची साल तत्काळ कडक होते आणि गाभा तापलेलाच राहतो. मग गाभ्याची उष्णता बाहेर येऊन सालीला पुन्हा सुमारे 600 अंशांपर्यंत तापवते आणि तिचा ठिसूळपणा काढते. सळईचा आडवा काप घासून, चकचकीत करून त्यावर नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोल यांचे सौम्य मिश्रण लावले की कडेने गडद कडे आणि मध्ये फिकट गाभा स्पष्ट दिसतो. कडे सर्वत्र अखंड आणि सारख्या जाडीचे असेल तर प्रक्रिया नीट झाली. एका बाजूला ते पुसट किंवा तुटक असेल तर पाणी सारखे लागलेले नाही. फासळ्या कोणीही उठवू शकतो, म्हणून केवळ बाहेरून पाहून टीएमटी ओळखता येत नाही.

26 जानेवारी 2001 च्या भूकंपात भूजपासून दूर असलेल्या अहमदाबादमध्येही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यानंतर केवळ ताकदीपेक्षा लवचिकतेकडे लक्ष वळले, आणि 2008 मध्ये सुधारलेल्या आयएस 1786 मानकात डी अक्षराच्या प्रती आल्या: 500 प्रतीच्या सळईने 12 टक्के लांबावे, तर 500 डी ने 16 टक्के. भूकंपरोधक रचनेचे आयएस 13920 हे मानक मात्र 1993 पासूनच होते. कॉलमच्या रिंगेची टोके 135 अंशांत वळवून आत काँक्रीटच्या गाभ्यात न्यावीत, असे ते सांगते, कारण 90 अंशांत वळवलेली रिंग बाहेरचे काँक्रीट निखळताच उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. साइटवर आजही 90 अंशांच्या रिंगा सर्रास दिसतात. त्या वळवायला सोप्या असतात आणि हा हलगर्जीपणा भूकंप येईपर्यंत कोणाला दिसत नाही, एवढेच त्याचे कारण.

लोहामंडीत सळई घेताना एक जुने सूत्र हाताशी असावे: व्यासाचा वर्ग भागिले 162, म्हणजे दर मीटरचे किलोग्रॅम. 12 मिलिमीटर जाडीची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.7 किलोची भरली पाहिजे. 10 मिलिमीटरहून जाड आणि 16 मिलिमीटरपर्यंतच्या मापात मानक साधारण 5 टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेते. त्याहून हलकी सळई वजनावर घेतली तर नगाला स्वस्त वाटते, पण स्लॅबमध्ये सळया संख्येने मोजून बसवतात, आणि तेवढे लोखंड त्यात कमीच पडते.

जुन्या घरावर मजला चढवण्यापूर्वी आतल्या सळईची स्थिती कळण्याचा एक सोपा मार्ग आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते आणि त्यात लोखंडावर संरक्षक थर टिकून राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपून ही अल्कधर्मिता कमी करतो. स्लॅबच्या खालच्या बाजूला छोटा तुकडा छिन्नीने उडवून त्या ताज्या भागावर लगेच फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले की निरोगी काँक्रीट गडद गुलाबी होते आणि कमजोर झालेला थर रंगहीन राहतो. रंगहीन थर सळईच्या अलीकडेच थांबला असेल तर तिचे संरक्षण अजून शाबूत असल्याचे समजते. तो सळईपलीकडे गेला असेल तर गंजाची वाट मोकळी झालेली असते, आणि तेथे सळई उघडी करून, तिचा उरलेला व्यास मापूनच वरच्या मजल्याचा हिशेब करावा लागतो. पूर्वी कव्हर ब्लॉकऐवजी (सळई तळापासून ठरावीक अंतरावर धरणारे ठोकळे) सळईखाली खडीचे तुकडे ठेवत, त्यामुळे एकाच खोलीच्या स्लॅबमध्ये कुठे 20 तर कुठे 5 मिलिमीटर आवरण सापडते. म्हणून ही चाचणी एका जागी करून भागत नाही, ती प्रत्येक खोलीत, आणि न्हाणीघराखाली तर नक्कीच, करावी लागते.